अमोस अलोन्झो स्टॅग

अमोस अलोन्झो स्टॅग (१६ ऑगस्ट, इ.स. १८६२ : वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी, अमेरिका - १७ मार्च, इ.स. १९६५ : स्टॉकटन, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रशिक्षक, खेळाडू व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. शिकागो विद्यापीठात ४१ वर्षे प्रशिक्षकपद सांभाळल्यावर वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्यानंतरही ते जवळजवळ अठ्ठावीस वर्षे मैदानावर राहिले. त्यांपैकी पहिली चौदा वर्षे ते मुख्य प्रशिक्षक होते, पुढे काही वर्षे मुलाचे सहकारी व शेवटी एका लहानशा महाविद्यालयाचे सल्लागार. अठ्ठ्याण्णव वर्षांचे झाल्यावर त्यांनी हे कामही सोडले.

येथे फुटबॉल म्हणजे भारतात खेळला जातो तो पायाने खेळण्याचा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू असतात, चेंडू लंबगोल असतो व तो हातात घेऊन पळता येतो. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. धरपकड, ढकलाढकली व अंगावर झेप घेणे हा खेळाचाच भाग असल्याने मराठी वाचकाला तो फुटबॉलपेक्षा कबड्डीच्या अधिक जवळचा वाटण्याचा संभव आहे. हा खेळ अमेरिकेत प्रथम विद्यापीठांत वाढला, व्यावसायिक संघ त्यानंतर आले. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाला तेथे जी प्रतिष्ठा मिळते तिची कल्पना आपल्याकडील महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकाच्या स्थानावरून येणार नाही.

== बालपण व शिक्षण ==

स्टॅग यांचा जन्म एका गरीब कष्टकरी कुटुंबात झाला. वडील चांभारकाम करीत. आठ भावंडांत अमोस पाचवे. मिळेल ते काम करून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले. फिलिप्स एक्झिटर अकॅडमी या शाळेत असताना अर्धपोटी राहण्याची वेळ त्यांच्यावर वारंवार आली. तेथून ते येल विद्यापीठात दाखल झाले व इ.स. १८८८ मध्ये पदवीधर झाले. धर्मोपदेशक होण्याची त्यांची इच्छा असल्याने त्यांनी पुढे येलमध्येच धर्मशास्त्राचा अभ्यास चालू ठेवला.

येलमध्ये त्यांचे नाव झाले ते आधी बेसबॉलमुळे. चेंडू फेकण्यात, म्हणजे पिचर म्हणून, ते इतके तरबेज होते की व्यावसायिक संघांकडून त्यांना बोलावणी आली. पैशाची निकड असूनही त्यांनी ती नाकारली. पैशासाठी खेळणे व खेळासाठी खेळणे यांत ते फरक करीत आणि हा फरक त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. इ.स. १८८९ मध्ये देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंचा अखिल अमेरिकन संघ प्रथमच निवडण्यात आला, त्यात स्टॅग यांचा समावेश होता.

याच सुमारास आपल्याला चांगले व्याख्यान देता येत नाही, अशी त्यांची खात्री पटली. उपदेशकाचे पीठ आपले नव्हे, तरुणांना वळण लावण्याचे काम मैदानावरूनही होऊ शकते, असे ठरवून त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास सोडला. ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात गेले.

== स्प्रिंगफील्ड ==

स्प्रिंगफील्डचे विद्यालय लहान होते, पण भारतातील शाळांच्या मैदानांवर आज दिसणाऱ्या दोन खेळांचे मूळ तेथवर पोहोचते. बास्केटबॉलचा शोध जेम्स नेस्मिथ यांनी इ.स. १८९१ मध्ये येथेच लावला, तर व्हॉलीबॉलचे जनक विल्यम मॉर्गन हे याच विद्यालयाचे विद्यार्थी होते. नेस्मिथ हे स्टॅग यांच्या फुटबॉल संघातून खेळत. ११ मार्च, १८९२ रोजी बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना शिक्षक व विद्यार्थी यांच्यात झाला. विद्यार्थ्यांनी तो ५-१ असा जिंकला. शिक्षकांचा एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता.

या परंपरेचा एक धागा भारतातही आला. स्प्रिंगफील्डचे पदवीधर हॅरी क्रो बक यांनी इ.स. १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. देशातील क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

== शिकागो विद्यापीठ (इ.स. १८९२ - इ.स. १९३२) ==

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे शिक्षक होते. इ.स. १८९२ मध्ये विद्यापीठ उघडले तेव्हा त्यांनी स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख नेमून सहयोगी प्राध्यापकाचा कायम दर्जा दिला. क्रीडाशिक्षकाला इतर विषयांच्या प्राध्यापकांच्या पंक्तीला बसवणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पहिल्या वर्षी खेळाडूच पुरेसे नसल्याने स्टॅग स्वतः संघात उतरून खेळले.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाला लागून असलेल्या मिडवे या पट्ट्यात जागतिक प्रदर्शनाची गर्दी उसळली. स्वामी विवेकानंदांनी गाजवलेली सर्वधर्म परिषद शिकागोत भरली ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने. या मिडवेवरून स्टॅग यांना पुढे मिडवेचे भीष्माचार्य अशा अर्थाचे नाव पडले.

इ.स. १८९४ मध्ये स्टेला रॉबर्टसन या शिकागोच्याच विद्यार्थिनीशी त्यांचा विवाह झाला. स्टेलाबाईंना खेळाची उत्तम जाण होती. सामना पाहताना त्या प्रत्येक चाल कागदावर टिपून घेत व स्टॅग त्या टिपणांचा उपयोग करीत. अमोस (धाकटे) व पॉल हे त्यांचे दोन्ही मुलगे पुढे प्रशिक्षक झाले. रूथ ही त्यांची मुलगी.

इ.स. १८९४ च्या नाताळात स्टॅग यांनी आपला संघ रेल्वेने थेट कॅलिफोर्नियापर्यंत नेऊन सामने खेळवले. इतक्या लांबच्या दौऱ्याचे त्या काळी मोठे कुतूहल झाले. इ.स. १८९६ मध्ये मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांची संघटना स्थापन झाली. ती पुढे बिग टेन या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे विजेतेपद स्टॅग यांच्या संघाने सात वेळा मिळवले : १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ व १९२४.

यांतील इ.स. १९०५ चे विजेतेपद सर्वांत गाजले. मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामन्यांत अपराजित होता. ३० नोव्हेंबर, १९०५ रोजी शिकागोने त्याला २-० असे हरवले. मिशिगनच्या खेळाडूला त्याच्याच गोलरेषेमागे पाडल्याबद्दल मिळालेले हे दोन गुण, एवढीच त्या सामन्यातील कमाई.

त्याच वर्षी या खेळावर मोठे संकट आले होते. मैदानावर विद्यार्थी दगावण्याचे प्रकार इतके वाढले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. खेळ बंद करावा, अशीही मागणी होत होती. इ.स. १९०६ मध्ये नियम बदलले व चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. त्यामुळे खेळाडूंचा एकाच जागी होणारा कोंडमारा काहीसा कमी झाला. नियम समितीवर असलेल्या स्टॅग यांनी चेंडू पुढे फेकण्याच्या अनेक चाली झपाट्याने बसवल्या.

झेप घेऊन पाडण्याच्या सरावासाठीचा गादीसारखा पुतळा, चालीपूर्वी खेळाडूंनी घोळका करून मसलत करणे, पाठीवर क्रमांक असलेला पोशाख अशा अनेक गोष्टींचे श्रेय त्यांना दिले जाते. अशा प्रत्येक बाबतीत दुसरेही दावेदार आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. एवढे मात्र खरे की आज रूढ असलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या सरावाच्या मैदानावर फार लवकर दिसू लागल्या होत्या. त्यांचे शिष्य जेसी हार्पर हे नोत्र देम विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि हार्परांच्या हाताखाली न्यूट रॉकनी तयार झाले. मिशिगनचे नामांकित प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर हेही स्टॅग यांचेच विद्यार्थी. तालमीच्या भाषेत सांगायचे तर त्या पिढीतील निम्मे वस्ताद एकाच घराण्याचे होते.

स्टॅग केवळ फुटबॉलचे शिक्षक नव्हते. शिकागोत त्यांनी बेसबॉल व मैदानी खेळांचे संघही घडवले. विद्यापीठाचा बेसबॉल संघ इ.स. १९१० मध्ये जपानला जाऊन खेळला. इ.स. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूंचे प्रशिक्षक होते.

=== टीका ===

स्टॅग मद्य, तंबाखू व शिव्या यांपासून कटाक्षाने दूर राहत. खेळाडूवर फारच चिडले तर ते त्याला गाढव म्हणत, त्याहून चिडले तर दुप्पट गाढव. खेळ हा चारित्र्य घडवण्यासाठी आहे, ही त्यांची शिकवण होती. तथापि त्यांच्या शिकागोतील कारकिर्दीचा पुढे अभ्यास करणाऱ्यांनी दुसरी बाजूही दाखवली आहे. हजारो प्रेक्षक, तिकिटांचा पैसा, वृत्तपत्रांतील जाहिरातबाजी आणि खेळाडूंना अभ्यासात मिळणारी सवलत या गोष्टी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आल्या, त्यांत शिकागोचा वाटा मोठा होता. स्टॅग यांना विद्यापीठाच्या अध्यक्षांशी थेट संपर्काची मुभा होती व आपल्या विभागाचा पैसा ते स्वतंत्रपणे हाताळीत. त्यांच्या शुद्ध आचरणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांनीच उभारलेले यंत्र पुढे त्यांच्या तत्त्वांना जुमानीनासे झाले, असे म्हणावे लागते.

== सक्तीची निवृत्ती ==

इ.स. १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी २१-२१ अशी बरोबरी साधून शिकागोने आपले शेवटचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर संघाची घसरण सुरू झाली. विद्यापीठाचे लक्ष संशोधनाकडे वळत होते, प्रवेशाच्या अटी कडक होत्या आणि शेजारची राज्य विद्यापीठे आकाराने अनेक पटींनी मोठी झाली होती. इ.स. १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे अवघ्या तिसाव्या वर्षी विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. महाविद्यालयीन फुटबॉलविषयी त्यांना काडीचेही प्रेम नव्हते.

नियमानुसार वयाच्या सत्तराव्या वर्षी प्राध्यापकाला निवृत्त व्हावे लागे. स्टॅग यांना मुदतवाढ मिळावी, अशी अनेक माजी विद्यार्थ्यांची इच्छा होती. हचिन्स यांनी ती दिली नाही. त्याऐवजी मानाचे व पगाराचे, पण मैदानाशी संबंध नसलेले एक पद देऊ करण्यात आले. स्टॅग यांनी ते नाकारले. इ.स. १९३२ चा हंगाम हा त्यांचा शिकागोतील अखेरचा हंगाम ठरला.

येथे हचिन्स यांची बाजूही समजून घ्यायला हवी. नियम सर्वांना सारखा होता. संघ वर्षानुवर्षे हरत होता, आणि चाळीस वर्षे एका जागी असलेला माणूस उठल्याशिवाय तिथली व्यवस्था बदलत नाही, हा अनुभव कोणत्याही संस्थेला येतो. मात्र ज्याची अंगकाठी शाबूत आहे व जो रोज मैदानावर धावतो आहे, त्याला केवळ जन्मतारखेकडे बोट दाखवून घरी बसवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या वेळी अमेरिकेतील वृत्तपत्रांत चांगलाच गाजला.

== पॅसिफिक महाविद्यालय (इ.स. १९३३ - इ.स. १९४६) ==

स्टॅग यांनी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान महाविद्यालयाचे बोलावणे स्वीकारले. सत्तराव्या वर्षी त्यांनी अडीच-तीन हजार किलोमीटर दूर नवे घर मांडले. येथे पैसा बेताचा व खेळाडू थोडे होते, आणि सामने मात्र बड्या विद्यापीठांशी. इ.स. १९३९ मध्ये पॅसिफिकने कॅलिफोर्निया विद्यापीठाला ६-० असे हरवले.

त्याआधीच्या वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, स्टॅग आपला नवा संघ घेऊन शिकागोला आले. ज्या मैदानाला त्यांचेच नाव दिलेले होते, त्या स्टॅग फील्डवर पॅसिफिकने शिकागोचा ३२-० असा पराभव केला. पुढच्या हंगामात मिशिगनने शिकागोला ८५-० असे लोळवले. डिसेंबर १९३९ मध्ये हचिन्स यांनी विद्यापीठातील फुटबॉल संघ बंद केला. ओस पडलेल्या त्या मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर, १९४२ रोजी एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत स्टॅग यांचे नाव येते ते एवढ्याच संदर्भात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने अधिकारी प्रशिक्षणासाठी अनेक महाविद्यालयांत तरुण पाठवले. पॅसिफिकच्या वाट्याला त्यांतील काही चांगले खेळाडू आले. इ.स. १९४३ च्या हंगामात संघाने सात सामने जिंकले व दोन गमावले. देशातील प्रशिक्षकांच्या संघटनेने त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून ८१ वर्षांच्या स्टॅग यांची निवड केली. मतदान करणाऱ्यांत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, किंबहुना त्याहूनही लहान प्रशिक्षक होते.

युद्ध संपताच नौदलाचे खेळाडू गेले व पराभव वाढले. इ.स. १९४६ च्या हंगामानंतर महाविद्यालयाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद सोडून सल्लागार होण्यास सुचवले. चौदा वर्षांपूर्वी शिकागोत घडलेलाच प्रसंग पुन्हा समोर आला होता. आता वय ८४. तरीही स्टॅग यांनी तेच उत्तर दिले. नावापुरते पद त्यांना नको होते.

== मुलाच्या संघात (इ.स. १९४७ - इ.स. १९५२) ==

थोरले चिरंजीव अमोस हे पेनसिल्व्हेनिया राज्यातील सेलिन्सग्रोव्ह येथील सस्क्वेहाना विद्यापीठात इ.स. १९३५ पासून मुख्य प्रशिक्षक होते. वडिलांनी इ.स. १९४७ पासून त्यांच्याबरोबर काम सुरू केले. पितापुत्रांच्या या संघाने इ.स. १९५१ मध्ये एकही सामना न गमावता हंगाम पुरा केला. स्टॅग तेव्हा ८९ वर्षांचे होते.

येथे त्यांचे नेमके पद कोणते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्यावर एक मोठा वाद उभा राहिला. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये स्टॅग यांच्या नावावर ३१४ विजय नोंदलेले आहेत. अनेक वर्षे हा उच्चांक होता. इ.स. १९८१ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे पॉल ब्रायंट यांनी ३१५ वा विजय मिळवून तो मोडला. सस्क्वेहानाच्या त्या सहा हंगामांतील २१ विजय मात्र या आकड्यात नाहीत. पितापुत्र समान अधिकाराने संघ चालवीत होते असे मानले, तर आकडा ३३५ वर जातो व ब्रायंट यांचा ३२३ हा अंतिम आकडाही मागे पडतो. वडील केवळ मदतनीस होते असे मानले, तर ३१४ हाच आकडा बरोबर ठरतो. म्हाताऱ्या वडिलांनी काही सांगितले व मुलाने ते ऐकले, तर त्याला सल्ला म्हणावे की आज्ञा, हे हजेरीपटावरून ठरवता येत नाही. त्यामुळे वाद मिटलेला नाही.

== स्टॉकटन कॉलेजचे सल्लागार (इ.स. १९५३ - इ.स. १९६०) ==

स्टेलाबाईंची प्रकृती ढासळू लागल्याने दर हंगामात देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणे स्टॅग यांना अशक्य झाले. ते स्टॉकटनमध्येच राहिले. तेथील स्टॉकटन कॉलेज या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या स्थानिक महाविद्यालयाने त्यांना संघाचे सल्लागार म्हणून बोलावले. या वेळी त्यांनी ते मान्य केले.

दोनदा नाकारलेले नाव त्यांनी नव्वदीत का स्वीकारले, याचे उत्तर कामाच्या स्वरूपात सापडते. शिकागो व पॅसिफिकने देऊ केलेले पद त्यांना मैदानाबाहेर किंवा मैदानाच्या कडेला नेणारे होते. स्टॉकटनमध्ये त्यांच्याकडे प्रत्यक्ष विद्यार्थी होते. पायाने चेंडू उडवणाऱ्या खेळाडूंना, म्हणजे किकरना, शिकवण्याचे नेमके काम त्यांनी पत्करले. पाऊल कोठे पडावे, नजर कोठे असावी, चेंडूला पाय कोठे लागावा, असे हे काम एकेका मुलाजवळ उभे राहून करायचे असते. त्यासाठी धावावे लागत नाही, डोळा मात्र तयार लागतो. संघाची जबाबदारी तरुण प्रशिक्षकांवर होती व त्यांच्या अधिकारात स्टॅग यांना ढवळाढवळ करावी लागत नव्हती. चार दशके एकहाती कारभार केलेल्या माणसाला हे जमले, ही त्यांच्या उत्तरायुष्यातील विशेष नोंद घ्यावी अशी बाब आहे.

घरी ते हाताने ढकलण्याच्या यंत्राने अंगणातील गवत कापीत. मुले त्याच हिरवळीवर खेळत व गवत तुडवीत, पण त्यांना हटकण्यास ते तयार नसत. सप्टेंबर १९६० मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षे पुरी झाल्यावर, त्यांनी सल्लागारपदाचा राजीनामा दिला. या वेळी त्यांना कोणी जाण्यास सांगितले नव्हते.

== अखेर ==

सत्तर वर्षांच्या सहजीवनानंतर इ.स. १९६४ मध्ये स्टेलाबाईंचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १७ मार्च, १९६५ रोजी, स्टॉकटन येथे वयाच्या १०२ व्या वर्षी स्टॅग यांचे निधन झाले.

== लेखन व सन्मान ==

हेन्री विल्यम्स यांच्यासह त्यांनी इ.स. १८९३ मध्ये लिहिलेले पुस्तक हे या खेळावरील आरंभीच्या शास्त्रशुद्ध ग्रंथांपैकी एक आहे. चालींच्या आकृत्या हे त्याचे वैशिष्ट्य. टचडाउन हे त्यांचे आठवणीवजा पुस्तक इ.स. १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले.

इ.स. १९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या गौरवदालनात पहिल्याच तुकडीत खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्यांची निवड झाली. इ.स. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या गौरवदालनातही त्यांना स्थान मिळाले. क्रीडाशिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांच्या तिसऱ्या विभागातील राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना इ.स. १९७३ पासून स्टॅग बोल या नावाने खेळला जातो. शिकागो विद्यापीठाने इ.स. १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला. विद्यापीठाचा संघ आता याच तिसऱ्या विभागात खेळतो. जुन्या स्टॅग फील्डच्या जागी आज विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. नवे मैदान काही अंतरावर असून त्यालाही स्टॅग यांचेच नाव आहे.